परदेशी विद्येचा खर्च

श्रोतेहो, गावात एखादा मुलगा हुशार निघाला की चावडीवर बोलणे निघते, 'पोराला डॉक्टर करा, इंजिनिअर करा.' पण तोच मुलगा म्हणाला, मला इतिहास शिकायचा आहे, समाजशास्त्र शिकायचे आहे आणि त्यासाठी विलायतेला जायचे आहे, तर मंडळी विचारतात, 'आपल्याच देशाचा अभ्यास करायला सातासमुद्रापलीकडे कशाला? आणि खर्च कोणी करायचा?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका घडलेल्या हकिकतीतून पाहू.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. विषय कोणते? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास. १९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळाली. १९१६ च्या मे महिन्यात तिथल्याच एका अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जाती कशा निर्माण झाल्या, कशा टिकल्या, यावर निबंध वाचला.

आता पाहा, जात काय असते हे आंबेडकरांना न्यूयॉर्कने शिकवायला नको होते. ते त्यांनी लहानपणापासून सोसले होते. पण जातीचे नावही नीट माहीत नसलेल्या माणसांपुढे ती समजावून सांगायची, म्हणजे अगदी मुळापासून विचार करावा लागतो. घरात बसून जे प्रश्न सुचत नाहीत, ते अशा ठिकाणी सुचतात. शिवाय त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या कारभाराचे अहवाल लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात होते. आपल्या देशाच्या तिजोरीचा हिशेब तपासायला लंडन गाठावे लागे!

१९१६ साली ते लंडनला गेले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते बुडाले. करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला कोणी जागा देईना. नोकरी सोडून मुंबईस यावे लागले. तिथे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन दिसले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी. एस्‌सी. मिळाली. प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला; तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

पैसा थांबला तेव्हा तीन वर्षे गेली, ही गोष्ट ध्यानात घ्या. संशोधकाला बोटीचे भाडे दिले म्हणजे झाले, असे नाही. त्याला द्यावा लागतो वेळ. जुने दप्तर उलटायचे, महिनाभर वाचून एक ओळ हाती लागायची. पूल बांधला की दिसतो, हे काम दिसत नाही. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हा अभ्यास ज्याने तरुणपणी केला, तोच गृहस्थ १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. साडेअकरा पौंडांचे मोल असे उशिरा कळते.

पुढे १९५४-५५ पासून भारत सरकारने दुर्बल समाजातील मुलांसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती चालू केली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही आहे. मात्र २०२२ साली केंद्राच्या नियमावलीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच आहेत, तेव्हा परदेशी जाण्याची गरज नाही, असे त्याचे कारण सांगितले गेले. कारणात तथ्य नाही असे नव्हे. आपल्याकडे दप्तरखाने आहेत, विद्वान आहेत. पण हाच नियम १९१३ साली असता, तर १९१६ चा तो निबंध कुठे वाचला गेला असता? ज्याच्या घरी पैसा आहे, तो हे विषय शिकायला आपल्या खर्चाने जाईल. अडेल तो ज्याच्या घरी काही नाही तोच, आणि या समाजाविषयी सांगण्यासारखे पुष्कळदा त्याच्याचपाशी असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी एक सांगतो. सयाजीराव महाराजांपर्यंत भीमराव पोहोचले कसे? कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या एका शिक्षकाने त्यांना वाचताना पाहिले, पुस्तक दिले आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराजांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची सोय करून दिली. अमेरिकेची वाट तिथून निघाली. आपल्या वर्गातही एखादी मुलगी गावच्या जुन्या गोष्टी विचारीत असेल, एखादा मुलगा बाजारातल्या भावांची टिपणे ठेवीत असेल. त्याला 'यात काय मिळणार?' असे म्हणू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो, त्याची मुदत कधी संपते, कोणते दाखले लागतात, एवढे आधी विचारून ठेवा. वेळ आली की त्याच्याबरोबर बसून तो अर्ज भरून द्या.