आवाज आपला, ठेका सगळ्यांचा



दर गुरुवारी या वेळेला आपण बचत, बियाणं, बाळंतपण, सातबारा अशा कामाच्या गोष्टी बोलतो. आज गाण्याबद्दल बोलणार आहोत, आणि तेही सातासमुद्रापलीकडच्या. या गाण्याला जॅझ म्हणतात. नाव परकं वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. यात आपल्या उपयोगाचं बरंच आहे.

निमित्त असं झालं. मागच्या महिन्यात आम्ही ओव्या रेकॉर्ड करायला एका वस्तीवर गेलो होतो. गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात गेलं, पण तिथल्या एका आजींनी डाळ भरडायला अजून ठेवलंय. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा त्या गात होत्या. मशीन बाहेर काढलं, तशा गप्प झाल्या. म्हणाल्या, "माझा आवाज फाटलाय गं पोरींनो. रेडिओवर गोड गळ्याच्या बाया लागतात." किती विनवण्या केल्या, पण त्या काही गायल्या नाहीत. चहा घेऊन आम्ही परत आलो.

परतताना आम्हाला वाईट वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आजींकडे जायचं राहून गेलं होतं. त्या गेल्या आणि त्यांच्या ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

रेडिओवर आल्यावर आमच्यातल्या एकीनं एक गाणं लावलं. गाणारा लुई आर्मस्ट्राँग. आवाज म्हणाल तर घोगरा, खरखरीत, कुणी कणगीत खडे हलवावेत तसा. आम्ही हसलो. "हा तर आजींपेक्षा फाटका!" मग पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा कुणी हसलं नाही. या आवाजावर जगानं जीव टाकला. १९६४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, या माणसाचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं. मग आम्ही या गाण्याची माहिती काढली. तीच आज सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. आफ्रिकेतून माणसं पकडून, जहाजांत कोंबून अमेरिकेत आणली आणि गुलाम म्हणून विकली, त्या व्यापाराचं हे एक मोठं ठिकाण. ही माणसं कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांत राबायची. कापूस वेचणं आणि ऊस तोडणं काय असतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. राबताना ती गायची. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. न्यू ऑर्लिन्समध्ये काँगो स्क्वेअर नावाचं मैदान होतं. रविवारी तिथं जमून ढोल वाजवायची, नाचायची त्यांना मुभा असे.

१८६५ साली कायद्यानं गुलामगिरी संपली, पण अपमान संपला नाही. शाळा वेगळी, बसायची जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. पाणवठा वेगळा असणं म्हणजे काय, हेही आपल्या मुलखाला ठाऊक आहे. मळ्यातली गाणी, प्रार्थनेची गाणी, ब्लूज नावाची दुःखाची गाणी आणि बँडची पितळी वाद्यं या सगळ्याची मिसळण झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून जॅझ उभं राहिलं. आपल्या लग्नाच्या वरातीत फुंकतात ना, तसा ट्रम्पेट त्यात पुढं असतो. न्यू ऑर्लिन्समध्ये तर अंत्ययात्रेलाही बँड असतो. जाताना संथ, रडवणारे सूर. मूठमाती दिल्यावर परतताना मात्र उडती चाल, कारण मागं राहिलेल्यांना जगायचं असतं.

आता जॅझ कसं वाजवतात ते पाहू. बसल्या जागी माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार. आपण सहसा 'एक'वर जोरात टाळी देतो. आता एक आणि तीन सोडा, दोन आणि चारवर टाळी द्या. पुन्हा करा. मान आपोआप डोलायला लागली की नाही? हा झोका जॅझचा.

या ठेक्यावर सगळे मिळून आधी मूळ चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. ज्याची पाळी, त्यानं तीच चाल आपल्या मनानं फुलवायची, त्या क्षणी सुचेल तशी. बाकीच्यांनी मागं राहून ठेका सांभाळायचा, त्याला पडू द्यायचं नाही. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की पुन्हा एकत्र मूळ चालीवर यायचं. भजनी मंडळात बसणाऱ्या सयांना हे लगेच कळेल. चांगल्या बचत गटाची बैठकही अशीच चालते. प्रत्येकीला बोलायची पाळी आणि मागं सगळ्यांचा आधार. कोणतंही गाणं दोनदा सारखं होत नाही, म्हणून शंभर वर्षं झाली तरी ते शिळं होत नाही.

आता माणसांकडे येऊ. लुईचा जन्म १९०१ सालचा, न्यू ऑर्लिन्सच्या अगदी गरीब वस्तीतला. लहानपणी त्यानं कोळसा विकणाऱ्या कुटुंबाकडे गाडीवर काम केलं. नवीन वर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल उडवलं म्हणून त्याला मुलांच्या सुधारगृहात टाकलं. तिथल्या बँडमध्ये त्याला वाजवायची नीट तालीम मिळाली. पुढं १९२२ साली तो शिकागोला किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये गेला. त्या बँडमध्ये पियानोवर एक बाई होती, लिल हार्डिन. तिनं लुईशी लग्न केलं आणि त्याला सांगितलं की दुसऱ्याच्या मागं किती दिवस उभा राहशील, आता स्वतःच्या नावानं वाजव. तिच्या आग्रहानं तो बाहेर पडला. १९२५ पासून त्यानं स्वतःच्या बँडच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांनी जॅझची दिशाच बदलली. सुरुवातीला त्यांत पियानो लिलचा होता. पुढं दोघांची फारकत झाली. १९७१ च्या जुलैत लुई वारला. पुढच्याच महिन्यात शिकागोत त्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता. तिथं पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली आणि गेली. लुईचं नाव जगाला माहीत झालं. लिलचं आपण आज ऐकलं.

दुसरी बेसी स्मिथ. ती ब्लूजची गायिका, आणि ब्लूज म्हणजे जॅझची आईच म्हणा. आईबाप लहानपणीच गेले. भावाबरोबर रस्त्यावर गाऊन ती पैसे मिळवायची. १९२३ पासून तिच्या तबकड्या निघू लागल्या आणि लाखांनी खपल्या. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणत. पण कंपनीच्या कागदात खोच होती. दर गाण्याला ठरलेली रक्कम मिळे, खपाचा वाटा मिळत नसे. गाणं तिचं, वर्षानुवर्षांची कमाई दुसऱ्याची. सयांनो, सहीआधी कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, असं आम्ही दर महिन्याला सांगतो. ते का सांगतो, हे बेसीच्या गोष्टीवरून कळेल.

१९३७ साली मोटार अपघातात बेसी गेली. तीस वर्षांहून जास्त काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७० साली तो बसला. पैसे दोघींनी मिळून घातले. एक जॅनिस जॉप्लिन, त्या काळची प्रसिद्ध गोरी गायिका. दुसरी हुआनिता ग्रीन. ती लहान असताना बेसीच्या घरी कामाला होती. जिनं त्या घरची फरशी पुसली, तिनं मालकिणीचं नाव पुसू दिलं नाही.

तिसरी बिली हॉलिडे, जन्म १९१५ चा. तीही पोरवयात लोकांच्या पायऱ्या घासायची. जिथं सांगकामं करायची तिथल्या फोनोग्राफवर बेसी आणि लुई ऐकत ती गाणं शिकली. तिचा गळा मोठा नव्हता, पल्लाही फार नव्हता. पण शब्द ठेक्याच्या किंचित मागं ठेवून ती असं गायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माझ्याशीच बोलतेय. १९३८ साली गोऱ्या वादकांच्या बँडबरोबर गाताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टनं वर जायला लावलं. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये काळी बाई चालत नव्हती. पुढच्याच वर्षी तिनं एक गाणं म्हटलं. काळ्या माणसांना मारून झाडाला टांगत, त्याबद्दलचं ते गाणं होतं. तिच्या नेहमीच्या कंपनीनं ते रेकॉर्ड करायला नकार दिला. तिनं एका छोट्या कंपनीकडून करून घेतलं. ती ते गायची तेव्हा वाढपी थांबायचे, दिवे मालवायचे आणि उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर असायचा.

आणि चौथी एला फिट्झगेराल्ड. पंधराव्या वर्षी आई गेली, मग काही काळ तिला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काढावा लागला. १९३४ साली, सतरा वर्षांची असताना, अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली, ती नाचायला. पण तिच्या आधी दोघी बहिणी इतक्या सुरेख नाचल्या की हिचे पाय लटपटले. आयत्या वेळी तिनं ठरवलं, नाच नको, गाते. पहिलं बक्षीस मिळालं, पंचवीस डॉलर. पुढं १९६० साली बर्लिनमध्ये, हजारो लोकांपुढं, ती गाण्याचे शब्दच विसरली. थांबली नाही. मनाचे शब्द घातले, विसरल्याचंही गाण्यातच सांगून टाकलं, लुईच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि गाणं पार नेलं. त्याच गाण्याला अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, ग्रॅमी, मिळाला. चुकलं तर लोक हसतील म्हणून जी माइकपुढं येत नाही, तिनं एला लक्षात ठेवावी.

जॅझ आपल्या दारातही येऊन गेलंय बरं का. १९३० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे काळे अमेरिकन वादक वाजवायला आले. गोव्याचे वादक त्यांच्याकडून हे शिकले. चर्चच्या शाळांत या गोवेकरांना कागदावरचे सूर वाचायला शिकवलेलं असायचं. ते रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांना साथ करत. त्यांतले चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' आठवतो? संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. पण अशा बहुतेक वादकांची नावं सिनेमात कधी आली नाहीत. ज्या गाण्यांवर आपण लग्नात नाचलो, ती कुणी वाजवली ते आपल्याला कुणी सांगितलं नाही.

लोर्ना कोर्देरो यांचं नाव गोव्याकडच्या सया ओळखतील. ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गायलेली त्यांची कोंकणी गाणी घराघरांत गेली. मग वीस वर्षांहून जास्त काळ त्या गायल्याच नाहीत. १९९५ साली पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, आणि लोक त्यांना विसरले नव्हते.

सयांनो, हे सगळं वाचून आणि ऐकून आम्ही आमच्याशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, गोड गळा शोधत फिरायचं नाही. आवाजात ऊन, धूर, खोकला, वय जे असेल ते असू द्या. दोन, जिची ओवी, तिचं नाव. रेकॉर्डिंगच्या आधी गाणारीचं नाव आणि गाव आम्ही तिच्याच तोंडून घेऊ. तिला विचारल्याशिवाय तिचं गाणं कुणाच्या हाती देणार नाही.

परवा आम्ही पुन्हा त्या आजींकडे गेलो. मशीन पिशवीतच ठेवलं. आधी त्यांना फोनवर लुईचं गाणं ऐकवलं. आजींनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "या बाबाला रेडिओत घेतलं?" आम्ही म्हटलं, घेतलं. त्या हसल्या. जात्याचा खुंटा धरून म्हणाल्या, "मग बसा. पण माझ्या मागं उचलायला दोघी तरी लागतील."

आम्ही चौघी बसलो. आजींची ओवी पुढच्या गुरुवारी ऐकवू, त्यांच्या नावानिशी. तोवर तुमच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. सगळ्यांत वयस्कर बाईला मधे बसवा, एक ओवी म्हणायला सांगा, आणि तुम्ही ती मागून उचला.

येतो आम्ही. नमस्कार.