राखणदार कोण?



शाल-नारळ पदरात पडलाय, आता वाईटपणा घ्यायला हरकत नाही.

सकाळच्या परिसंवादात ‘लोकसहभाग’ हा शब्द मी अकरा वेळा मोजला. या शब्दाचा सरकारी अर्थ इथल्या प्रत्येकाला पाठ आहे: गवत तुम्ही काढा, चिरे तुम्ही वाहा, फीत कापायला आम्ही येतो. वारशाचा कारभार कोण करणार, हे त्यात कुठेच येत नाही.

आपल्या कोकणच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळ-पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं घ्या. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यातली नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं फणसायमळ. वर्तमानपत्रांनी छापलं, ‘शोध लागला’. कोणाला लागला? कुडोपीच्या माणसांनी त्या जागेचं नाव ‘बाहुल्यांचं टेंब’ कधीच ठेवून टाकलं होतं. फणसायमळची चित्रं पुरातत्त्व खात्याला दाखवली ती गावकऱ्यांनीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडेच्या सडे पालथे घातले, त्यांना माझा दंडवत. त्यांचं मोठेपण असं, की आधी गुराख्याला विचारायचं हे त्यांना कळलं. सरकारला अजून कळायचंय.

बारसूचंच बघा. यादीत नाव गेलं आणि पुढच्याच वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, त्याच परिसरात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. पोलिसांचा बंदोबस्त, आणि भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका. रिफायनरी हवी की नको, यावर या मांडवातच दोन तट आहेत. आज मी ते भांडण काढत नाही. दोन्ही तटांना एकच विचारतो: यादीत नाव घालायचं असो की सड्यात ड्रिल घालायचं असो, शेवटचा शब्द ग्रामसभेचा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. दोन्ही वाचा. स्मारक भेटेल, अधिकारी भेटेल, दंड भेटेल. गाव शोधून दाखवा.

आणि सडा काही सरकारी गोदाम नव्हे. बहुतेक सडे खासगी आहेत, सातबाऱ्यावर दहा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. अशा जमीनमालकाच्या कानावर एवढंच आलेलं असतं, की केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही बांधायचं नाही. उद्या पडवी वाढवायची तर कोणाच्या पाया पडू, ही त्याची धास्ती. चिऱ्याच्या खाणीवाला मात्र बांधावर येऊन रोख मोजतो. मग एके दिवशी मशीन लागतं आणि हजारो वर्षांचं चित्र चिरे होऊन ट्रकमध्ये चढतं. त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, चित्र राखल्याबद्दल आपण त्याला काय दिलं?

२०१८ मध्ये लाल किल्ल्याचं पालकत्व पाच वर्षांसाठी एका सिमेंट कंपनीला देताना सरकारचा हात थरथरला नाही. मग कशेळीच्या कातळावर कोरलेला अठरा मीटरचा हत्ती कशेळीच्या ग्रामपंचायतीकडे सोपवा म्हटलं, की ‘त्यांना काय कळतंय?’ असं का ऐकू येतं? देवराईला कुऱ्हाड लावायची नाही, हे गावाला कुठल्या खात्याने शिकवलं होतं?

टाळ्या नकोत. आता आपल्याकडे वळतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय केलं, ते आठवा. कौलारू देवळं पाडली, स्लॅब ओतले, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या टाइल्स लावल्या. चाकरमान्यांनी गणपतीला येताना पावतीपुस्तकं आणली आणि गावकऱ्यांनी सब्बल. माझ्या गावच्या सभामंडपाचे फणसाचे कोरीव खांब एका गोठ्यामागे पडून कुजले. देवळातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची यादी आहे, तीत माझं नाव आहे. रुपये पाच हजार.

आणि ‘गाव’ म्हणजे कोण, तेही बोलू. सहाणेवर मानकरी बसणार, मांडावर त्यांचंच गाऱ्हाणं, आणि खालच्या वाडीने ढोल वाजवायचे, बायांनी लांबून हात जोडायचे. कारभार या गावकीच्या हातात द्या, असं मी म्हणत नाही. मला ग्रामसभा हवी, जिथे खालच्या वाडीच्या बाईचं मत मानकऱ्याच्या मताइतकंच मोजलं जातं. पुरातत्त्व खातंही हवं, पण जाणकार म्हणून. मालक म्हणून नको. तिकिटाचा पैसा पंचायतीत यावा, जमीनवाल्याला दरसाल भाडं मिळावं, राखण करणारा माणूस त्याच गावातला आणि पगारी असावा. गावच्या न दिसणाऱ्या राखणदाराला, त्या देवाला, आपण वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा देतो. सड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या राखणदाराला तेवढ्यावर कसं भागेल?

संध्याकाळी समारोपात ठराव येतील, हात वर होतील, कागद मंत्रालयात जाईल आणि तिथे निवांत झोपेल. या मागण्यांचा माझा ठराव त्या गठ्ठ्यात घालू नका. १ मेला ग्रामसभा आहे. सड्याचा सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांना सोबत घ्या, मुंबईच्या भावकीला फोन करा, आणि तिथे मांडा.