डोंगरउतारावरचे घर



इटलीतील टस्कनी प्रांतातल्या जुन्या शेतघरासारखे घर डोंगरउतारावर बांधावे, अशी हौस पुष्कळांना असते. हौसेला माझी हरकत नाही. पण त्या घराकडून घ्यायचे काय, हे कामगारांत वावरलेला माणूस म्हणून मी आज विचारणार आहे.

आधी ते घर पाहू. दगड तिथल्याच डोंगराचा. भिंती जाड नि खिडक्या लहान, त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा. छपराला भाजलेली कौले. खाली बैलांचा गोठा, बाहेरून दगडी जिना, वर मोठ्या चुलीचे स्वयंपाकघर. थंडीत गोठ्याची ऊब वर चढे. कुटुंब वाढले की खोली जोडीत, म्हणून छपरे उंचसखल. आपण जिला शोभा म्हणतो, ती अशी गरजेतून आलेली आहे.

हे मर्म ज्युझेप्पे पागानो या वास्तुतज्ज्ञाने ओळखले. १९३६ साली मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याने गुआर्निएरो डॅनिएल यांच्यासह अशा घरांची छायाचित्रे मांडली. नव्या वास्तुकलेने सरळपणा शेतकऱ्याकडून शिकावा, हा त्याचा आग्रह. पुढे तो फॅसिस्टांविरुद्ध उभा राहिला आणि १९४५ साली माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला.

आता खरा प्रश्न. घर कोणाचे होते? जमीनमालकाचे! कसणारा अर्धेलीने कसे. निम्मे पीक मालकाचे. करार मोडला की बिऱ्हाड उचलायचे. १७७० साली फेर्दिनान्दो मोरोत्सी याने शेतकऱ्यांची घरे कशी बांधावीत यावर ग्रंथ लिहिला, तोही बांधणाऱ्या मालकांना उपयोगी पडावा म्हणून. अर्धेलीचे नवे करार कायद्याने बंद झाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागली होती. ओस पडलेली घरे मग शहरातल्या पैसेवाल्यांनी घेतली. गोठ्याचा दिवाणखाना झाला.

म्हणून सांगतो, तसे घर बांधायचे तर नवी भिंत मुद्दाम जुनाट दिसेल अशी खरवडू नका. उतार, ऊन, वारा आणि पाण्याची वाट आधी पाहा. जवळचा दगड वापरा. गवंड्याला विचारा, आणि त्याची मजुरी पुरती द्या. त्या सुंदर घरात मोठी उणीव होती ती हीच, की राबणाऱ्याचा त्यावर हक्क नव्हता. नक्कल करताना तेवढी उणीव मात्र उचलू नका.