वेड कुणाच्या मानेवर उभं आहे?

मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही मुंबईहून इथं नागपूरला बोलावलंत आणि विषय दिलात, 'माणसाचं वेड आणि समाजाचं वेड'. ठीकच केलंत. वेडावर वेड्यानंच बोलावं.

मला छापील अक्षराचं वेड आहे. पोत्यावर, पेटीवर, भज्याच्या कागदावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही. मुकादम शिव्या घालतो. मी ऐकतो आणि वाचतो.

धक्क्यावर उभा असलो की मला जो माल या बंदरात कधी आलाच नाही तो आठवतो. 1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं निघाली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. पाणबुडीनं ती बोट बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. दुसरा असता तर पुस्तकाचं नाव टाकलं असतं. या माणसानं पुढं दादरला 'राजगृह' बांधलं, ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून!

त्याच 1917 साली ते नोकरीला बडोद्यात गेले. राहायला जागा कुणी देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. पत्ता लागला तेव्हा लोक काठ्या घेऊन दारात आले.

एकीकडं पुस्तकाचं वेड, दुसरीकडं विटाळाचं. दोन्ही वेडंच. पण पुस्तकाच्या वेडाला पायाखाली कुणी लागत नाही. विटाळाच्या वेडाला माणसाची मान लागते. मान काढून घ्या, ते वेड धाडकन खाली पडतं.

काठ्या गेल्या म्हणता? गेल्या वर्षी मी खोली शोधत होतो. मालकीणबाई चांगल्या बोलल्या, चहा दिला. मग हळूच, "आडनाव काय हो?" सांगितलं. "अगंबाई, खोली तर कालच दिली!" काठी नाही, शिवी नाही. चहा मात्र घशात अडकला.

आणि हेच लोक आपल्याला म्हणाले, तुम्हाला नावाचं वेड लागलंय. लागलंच होतं! 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. तुमच्या या नागपुरात माणसं गोळ्यांनी पडली. 1979 साली इथल्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला. पाटी बदलायला 14 जानेवारी 1994 उजाडला. साडेपंधरा वर्षं! जो समाज नाव विचारून दार लावतो, त्याच्या विद्येच्या दारावर आपलं नाव लावायचा हा हट्ट होता. या वेडानं कुणाची मान मागितली नाही. आपल्याच दिल्या.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता पुढचं ऐका.

आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. मागच्या उन्हाळ्यात बहिणीचं स्थळ बघायला आम्ही याच शहरात आलो होतो. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब. पंचशील झालं. पोरगा शिकलेला, पोरगी शिकलेली. मग माझ्या बापानं आवाज खाली करून विचारलं, "तुम्ही बावणे का लाडवण?" उत्तर जमलं नाही. सोयरीक मोडली. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. आणि मी, सभेत ओरडणारा कवी, भिंतीवरच्या कॅलेंडरवरची अक्षरं वाचत बसलो.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या चांगल्या वेडाच्या आड मी ते जुनं वेड लपवलं. मालकीणबाईचा प्रश्न आणि माझ्या बापाचा प्रश्न एकाच पोत्यातले दाणे आहेत.

14 ऑक्टोबर 1956 ला इथं लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सगळी माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे. दर वर्षी दीक्षाभूमीवर लोक चटणी-भाकर बांधून येतात आणि पिशवी भरून पुस्तकं नेतात. असं वेड मी दुसऱ्या कुठल्या जत्रेत बघितलं नाही. ते जपा. पण ती पिशवी घरी रिकामी कराल तेव्हा घरातलं ते दुसरं पोतंही उलटं करून झटका.

मी बहिणीची माफी मागितली. बापाशी भांडण चालू आहे. तुम्हीही आज घरी जाऊन भांडा.

जय भीम!