कान सुजलेली मेंढी उन्हात बांधू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मनोगत)



आज आधी माझी चूक सांगते. आपल्या एका गटातल्या ताईंनी गटाच्या कर्जातून तीन मेंढ्या आणि एक कोकरू घेतलं. जून उजाडला, पाऊस नाही, बांधावर हिरवं म्हणून उरली होती ती फक्त घाणेरी, म्हणजे काही गावांत टणटणी म्हणतात ती. इथल्या जुन्या मेंढ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. पण ही बाजारातून आणलेली जनावरं, त्यात उपाशी. त्यांनी खाल्ली.

दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या मेंढीचे कान जड होऊन लोंबायला लागले, पापण्या सुजल्या. ताईंनी मला फोटो पाठवला. मी म्हटलं, खरूज असेल, करंजाचं तेल लावा, सकाळचं ऊन दाखवा. समाजकार्य शिकले म्हणून जनावराचं कळतं असं नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ताईंनी ऐकलं आणि मेंढी अंगणात बांधली. नाकाची कातडी पोळल्यासारखी फाटली. डॉक्टर आले तोवर कोकरू गेलं होतं. नंतर ती मेंढीही गेली.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगते. घाणेरीच्या पानातलं विष काळजावर, म्हणजे यकृतावर जातं. आता हिरवा चारा पोटात कुजतो तेव्हा त्यातल्या हिरव्या रंगापासून एक पदार्थ तयार होतो. एरवी यकृत तो पित्तातून बाहेर टाकतं. यकृतच बिघडलं तर तो रक्तात उतरतो, कातडीपर्यंत पोचतो, आणि वरून ऊन पडलं की कातडी जळते. म्हणून जिथं लोकर नाही तिथं आधी दिसतं: कान, पापण्या, नाक, ओठ. काळ्या मेंढीला ऊन तेवढं बाधत नाही, पण विष तिलाही तितकंच. त्या ताईंची काळी मेंढी वरून धडधाकट दिसत होती. डॉक्टरांनी पापणी उलटली तर आत हळदीसारखं पिवळं! ती वेळेत कळली म्हणून वाचली.

तेव्हा कातडीची वाट बघू नका. चारा सोडला, रवंथ बंद, लेंड्या कडक, लघवी गडद, सावलीकडे पळते, एवढं दिसलं की पापणी उलटून बघा. लगेच गोठ्यात अंधाऱ्या जागी बांधा, पाणी ठेवा, हिरवा चारा थांबवून कडबा द्या आणि १९६२ ला फोन करा किंवा पशुसखीला बोलवा. घाणेरी खाणं थांबलं तरी पोट हलत नाही, त्यामुळे विष आतच राहून अंगात भिनत राहतं. म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. आणि बाटलीनं तेल, ताक पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. यावर हमखास उताऱ्याचं औषध नाही, लवकर उपचार हाच काय तो आधार.

फक्त घाणेरीच असं करते असंही नाही. आपल्या रानातला सराटा घ्या. दक्षिण आफ्रिकेत तो खाऊन मेंढ्यांना हाच आजार होतो, तिथल्या मेंढपाळांनी त्याला नावच ‘पिवळं जाड डोकं’ असं दिलंय.

गवताचंही तसंच. दोन गटांनी विचारलंय, ब्राकेरियाचे ठोंब आणू का? गाईम्हशींना ते गवत चांगलं आहे. पण ब्राझील आणि मलेशियात त्याच्या कुरणात सोडलेल्या मेंढ्यांना, विशेषतः कोवळ्या कोकरांना, अशीच कावीळ होऊन कातडी जळाल्याचं वारंवार दिसलंय. गाईला पचलं म्हणून मेंढीला पचेल असं धरू नका. ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांनी ठोंब घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि लावलंच तर नुसत्या त्याच गवतावर मेंढ्या ठेवू नका.

येत्या पंधरवड्यात पशुसखीबरोबर मी प्रत्येक गावात येणार आहे. बांधावरची घाणेरी मुळासकट काढायची, नुसती छाटली तर पुन्हा फुटते. काढलेल्या फांद्या मेंढ्यांच्या वाटेवर टाकू नका.

त्या ताईंच्या हप्त्याला मुदतवाढ द्यायची का, हा आजच्या सभेतला चौथा विषय आहे. त्यावर बोलताना, ऊन दाखवा असं सांगणारी मी होते, एवढं लक्षात ठेवा.