साथ कां ओसरते?

मुंबईंत प्लेग १८९६ सालीं शिरला. पुढें वर्षानुवर्षें थंडी सरूं लागली कीं तो डोकें वर काढी आणि पावसाळ्यापूर्वीं ओसरे. शहरांतील लाखों माणसांना तोंवर त्याचा स्पर्शहि झालेला नसे. मग साथ थांबे ती कशानें? जंतूंचा जोर संपतो, असें कित्येक म्हणत. रोगास बळी पडण्यासारखें कोणी उरत नाहीं, असें दुसरे म्हणत.

१९२७ सालीं एडिंबरो येथील कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनीं रॉयल सोसायटीपुढें निराळेंच उत्तर मांडलें. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांत नोकरी केलेले डॉक्टर. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत दृष्टि गमावलेले. त्यांच्या गणितांत माणसांचे तीनच वर्ग आहेत: रोग होऊं शकेल असे, रोगी, आणि बरे होऊन प्रतिकारशक्ति लाभलेले अथवा मृत. पहिल्या दोन वर्गांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत नवे रोगी पडतात. एका रोग्यापासून सरासरी एकाहून अधिकांस रोग लागतो तोंवर साथ चढते. भोंवतालीं प्रतिकारशक्ति असलेलीं माणसें पुरेशीं वाढलीं कीं तें प्रमाण एकाच्या खालीं येतें व साथ विझूं लागते. रोग होण्याजोगीं पुष्कळ माणसें तेव्हांहि शिल्लक असतात.

पडताळ्यासाठीं त्यांनीं मुंबईंतील १९०५-०६ च्या प्लेगचे आठवडेवार मृत्यूचे आंकडे घेतले. रेषा इतकी सुरेख जुळली कीं तें चित्र पाठ्यपुस्तकांत कायमचें जाऊन बसलें. पण जुळणें म्हणजे उलगडणें नव्हे. गांठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमार्फत माणसाला होतो, आणि कडक उन्हाळा पिसवांना मानवत नाहीं. गणितांत ऋतूला जागाच नव्हती! निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानें २०१२ सालीं हा दोष सविस्तर दाखविला.

तें गणित खरें शोभतें तें गोवरासारख्या, माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांत. कोणालाच प्रतिकारशक्ति नसेल तेथें गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देतो. पंधरा धरले, तर पंधरांतील चौदा जण सुरक्षित झाल्याशिवाय साथ अडत नाहीं. शेंकडा ९५ मुलांस लस टोचण्याचा आग्रह याच हिशेबांतून आलेला आहे. भारतांत गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनंतर देतात. आईकडून मिळालेलें संरक्षण त्याआधींच ओसरलें, तर त्या बाळाला आधार असतो तो शेजारच्या टोचलेल्या मुलांचाच.