जाहिरातीची मिळकत आणि आपली माणसे



विद्यार्थ्यांपुढे चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने केली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. संगणकातले तज्ज्ञ नव्हे. परंतु पैसा कुठून आला नि कुठे गेला, हे पाहण्याची सवय काउंटरमागे बसून डोळ्यांना लागली आहे. त्या सवयीच्या आधारे आज बोलणार आहोत.

आपली मुले आता वेबसाइट काढतात, यूट्यूबवर चॅनेल चालवतात आणि जाहिरातींतून मिळकत होईल असे नातेवाइकांना सांगतात. ही आनंदाची गोष्ट आहे. दुसरीकडे, "अमुक साइटवर पैसे भरा, रोज जाहिराती पाहा आणि घरबसल्या कमवा" असेही नातेवाईकच सांगत येतात. दोन्ही निरोप ओळखीच्याच तोंडून येतात, म्हणून एकसारखे वाटतात. वस्तुतः त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

प्रथम सरळ मार्ग पाहू. वर्तमानपत्राच्या छपाईचा सगळा खर्च वाचकाच्या पैशांतून निघत नाही. तो जाहिरातदार भरून काढतो. वेबसाइटचेही तसेच आहे. गूगलने २००३ साली ॲडसेन्स ही व्यवस्था सुरू केली. जाहिरातदार गूगलला पैसे देतो, गूगल आपला वाटा ठेवून उरलेले वेबसाइटच्या मालकास देते. यूट्यूबवर जाहिरातीचा हिस्सा मिळण्यासाठी साधारणपणे १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात. नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्यास मिळतात. ॲडसेन्सची रक्कम १०० डॉलरपर्यंत साठल्याशिवाय हातात पडत नाही. थोडक्यात, हे धीराचे काम आहे. पण सामील होण्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

या सरळ मार्गावरही एक खड्डा आहे. मुलगा मावशीला, आत्याला, वर्गमित्रांना सांगतो, "माझ्या साइटवर जा आणि जाहिरातींवर क्लिक करा, तेवढाच मला हातभार." यात वावगे काय, असे वाटेल. परंतु त्या क्लिकचे पैसे कोण भरतो? एखादा शिकवणी-वर्गवाला, एखादा छोटा दुकानदार. गिऱ्हाईक आले असे समजून तो पैसे मोजतो आणि मावशीला तर काहीच घ्यायचे नसते. ही त्याची फसवणूकच होय. म्हणून स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणे किंवा इतरांस करायला सांगणे गूगलच्या नियमांत बसत नाही. असे आढळल्यास खाते बंद होऊ शकते आणि ती मिळकत कापून जाहिरातदारास परत केली जाऊ शकते. मावशीची माया अशी भाच्याच्याच मुळावर येते. तेव्हा आपल्या माणसांना एवढेच सांगावे: "वाचा, पाहा, चूक दिसली तर कान धरा, आवडले तर चार जणांना सांगा." जाहिरातीकडे बोट दाखवू नये.

आता दुसरा मार्ग. २०११ साली 'स्पीक एशिया' नावाच्या कंपनीचा गाजावाजा झाला. ११,००० रुपये भरा, संगणकावर प्रश्नावल्या भरा आणि पैसे मिळवा, अशी ती योजना होती. त्याच वर्षी ती कोसळली आणि लाखो माणसे अडकली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये नोएडाच्या 'सोशल ट्रेड' प्रकरणात उत्तर प्रदेश पोलिसांनी अटक केली. तिथे ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरायचे आणि दर क्लिकला ५ रुपये मिळवायचे, असे आमिष होते. पोलिसांनी सांगितलेला आकडा सुमारे ३,७०० कोटी रुपयांचा आणि साडेसहा लाख लोकांचा होता.

अशा योजनेत जुन्यांना मिळणारा पैसा नव्याने भरती होणाऱ्यांचाच असतो. हिशेब करून पाहा. प्रत्येकाने फक्त दोन माणसे आणायची म्हटले, तरी दहाव्या पायरीवर १,०२४ माणसे लागतात आणि विसाव्या पायरीवर १० लाख ४८ हजार ५७६. एवढी माणसे आणायची कुठून? जिथे भरती थांबते, तिथे शेवटी आलेला बुडतो. आणि शेवटी आलेला बहुधा आपल्याच वस्तीतला, आपल्याच शब्दावर विसंबलेला असतो. अशा योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. नुसते सभासद होण्यासही मनाई आहे.

अलीकडे याच फसवणुकीचे नवे रूप मोबाईलवर येते. व्हिडिओ पसंत केल्याबद्दल प्रथम शे-दोनशे रुपये खरोखर देतात. मग "मोठ्या कामासाठी" आगाऊ रक्कम मागतात, आणि ती गेली की गेली. काही जण तर विद्यार्थ्यांची बँक खातीच वापरायला मागतात. मित्रहो, आपले खाते, एटीएम कार्ड, पासबुक कोणालाही देऊ नका. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरला, तर पोलीस प्रथम तुमच्या दारी येतील. फसवणूक झालीच, तर लाज न धरता तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

सबब, कोणालाही सांगण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पैसा मुळात कोण देतो? सामील होण्यास काही भरावे लागते काय? आणि समोरचा सामील झाल्यास मला काय मिळते? तिसऱ्याचे उत्तर "काहीतरी मिळते" असे असेल, तर ते समोरच्यास आधी सांगावे. सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर ती गोष्ट न सांगितलेलीच बरी.

आपल्यापैकी बहुतेकांकडे वडिलोपार्जित इस्टेट नाही. अडीअडचणीला उसने देणारा शेजारी, फी भरायला धावून येणारा मामा, हीच आपली ठेव. कंपनी बुडाली की तिचा मालक आपल्या गल्लीत राहत नाही. सांगणारा मात्र राहतो. उद्या लग्नकार्यात त्याला त्याच माणसांच्या पंगतीत बसायचे असते. पैसा पुन्हा मिळवता येतो, मात्र गेलेला शब्द परत मिळवायला उभे आयुष्य पुरत नाही. म्हणून मुलांनी वेबसाइट जरूर काढाव्यात, चॅनेल जरूर चालवावेत, अभ्यासाच्या टिपा, गावची माहिती, आईच्या हातच्या पाककृती, सगळे मांडावे. आणि आपल्या माणसांना अवश्य सांगावे, पण ताठ मानेने सांगता येईल तेवढेच.